तुमचे प्रश्न : अंडं एकच, मग राणी कोण आणि कामकरी कोण हे ठरतं कसं?

मागच्या अंकात कांदा बियाण्याच्या प्लॉटमध्ये मधपेट्या ठेवण्यावर छोटंसं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅपवर इतके प्रश्न आले की या महिन्याचं सगळं सदर मधमाश्यांनाच देतोय. पेटी कुठे मिळते, सबसिडी किती, हे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ. यावेळी ते घेतलेत ज्यात लोकांनी खरंच डोकं लावलंय, म्हणजे माशीच्या अंगात नेमकं काय चालतं की हजारो जणी एका पेटीत अशा राहतात. मी जीवशास्त्र शिकवतो आणि स्वतः सहा पेट्या सांभाळतो, त्यामुळे थोडं पुस्तकातलं आणि थोडं पेटीतलं असं दोन्ही येईल.

प्रश्न : माझ्याकडे मेलिफेराच्या (इटालियन मधमाश्यांच्या) दहा पेट्या आहेत. ट्रेनिंगमध्ये सांगितलं की राणी आणि कामकरी एकाच प्रकारच्या अंड्यातून निघतात, रॉयल जेली मिळाली की राणी होते. नुसत्या खाण्याने एवढा फरक कसा पडू शकतो? (शेतकरी, शिरपूर)

भाऊ, ट्रेनिंगमध्ये सांगितलं ते बरोबरच आहे, फक्त अर्धं आहे. पुढच्या वेळी पेटी उघडाल तेव्हा ऊन खांद्यावरून येईल असे उभे राहा आणि फ्रेम (पोळ्याची चौकट) जरा तिरपी धरा, घरांच्या तळाशी सुईच्या टोकासारखं पांढरं अंडं उभं दिसेल. दुसऱ्या दिवशी ते कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं आणि अळी बाहेर येते. इथपर्यंत राणी आणि कामकरी यांच्यात काहीच फरक नाही, जीन्सही त्याच. आता तीच अळी साध्या षटकोनी घरात वाढली तर अंडं घातल्यापासून एकविसाव्या दिवशी कामकरी निघते, आणि फ्रेमच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखं जे घर लोंबतं त्यात वाढली तर सोळाव्या दिवशीच राणी निघते. राणी दोन-तीन वर्षं जगते आणि हंगामात दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालते, कामकरी कामाच्या दिवसांत पाच-सहा आठवड्यांत संपते. राणीच्या एकेका अंडाशयात दीडशेच्या वर नळ्या असतात, कामकरीच्या दोन ते बारा. कामकरीच्या मागच्या पायाला पराग आणायची टोपली असते, राणीला ती नसतेच. आणि हे सगळं एकाच जातीच्या अंड्यातून.

आपल्याकडे ठिबक सगळ्यांना माहिती आहे म्हणून तसंच सांगतो. शेतात पाइपलाइन एकच असते पण कुठला व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचा यावर कुठल्या तुकड्याला पाणी जाईल ते ठरतं. जीन्सचं तसंच आहे. मधमाशीचा जीनोम २००६ साली वाचून झाला, जवळपास साडेतेवीस कोटी अक्षरं आहेत त्यात (माणसाची तीनशे कोटी), आणि राणी-कामकरी दोघींच्या प्रत्येक पेशीत ती सगळी जशीच्या तशी असतात. वेगळं असतं ते व्हॉल्व्हचं काम. पहिले तीन दिवस सगळ्याच अळ्यांना दाई माशा आपल्या डोक्यातल्या ग्रंथींमधून येणारा दुधाळ चीक भरवतात, पुढे कामकरी होणाऱ्या अळीला मध आणि पराग मिसळून द्यायला लागतात, राणी होणारी अळी मात्र शेवटपर्यंत अशाच चिकात, म्हणजे रॉयल जेलीत, अक्षरशः तरंगत असते. या खाण्याने अळीच्या अंगातले हार्मोन बदलतात, वाढीचे सिग्नल बदलतात आणि त्यातून शेकडो जीन्स कमी-जास्त चालायला लागतात.

यावरचा सगळ्यात भारी प्रयोग २००८ साली ऑस्ट्रेलियात झाला. डीएनएवर काही ठिकाणी एक छोटी रासायनिक खूण चिकटते, तिला मिथिलेशन म्हणतात, ती खूण बसवणारा एक जीन तिथल्या शास्त्रज्ञांनी लहान अळ्यांमध्ये दाबून टाकला. अशा अळ्यांपैकी सुमारे ७२ टक्के राणीसारख्या झाल्या, भरलेल्या अंडाशयांसकट, आणि ज्यांचा जीन दाबला नव्हता त्यातल्या बहुतेक कामकरी झाल्या. म्हणजे रॉयल जेली जे करते त्यातला मोठा भाग नुसत्या खुणा कमी करून साधला. पण यावरून मिथिलेशन हेच एकमेव बटण असं समजू नका. २०११ साली जपानमधून रॉयल जेलीतलं एक प्रथिन, रॉयलॅक्टिन, हेच राणी बनवतं असा दावा आला, खूप गाजला, आणि पाच वर्षांनी दुसऱ्या गटाने त्या प्रथिनाशिवायही राणी होते असं दाखवून तो खोडून काढला. मला स्वतःला एकच जादूचा पदार्थ शोधायची ही घाई पटत नाही. खाणं किती, त्यात साखर किती, किती दिवस, घर केवढं, हे सगळं मिळून राणी होते.

तुमच्या कामाची गोष्ट यात अशी की अळी तीन दिवसांची होईपर्यंतच मागे फिरता येतं. राणी अचानक मेली तर माशा लहान अळ्या निवडून त्यांची घरं वाढवून राणी तयार करतात, पण पेटीत अंडीच नसतील आणि अळ्या मोठ्या झाल्या असतील तर त्या काहीच करू शकत नाहीत. म्हणून पेटी फोडून दोन करताना बिनराणीच्या भागात ताजी अंडी आणि बारीक अळ्या असलेली एक फ्रेम गेलीच पाहिजे, हे विसरू नका.

प्रश्न : कामकरी माशी आधी घरात काम करते आणि नंतर बाहेर जाते असं वाचलं. हे तिच्या जीनमध्येच लिहिलेलं असतं का, की वय झालं की आपोआप? (बीएस्सी दुसरं वर्ष, जळगाव)

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण मी शिकायला होतो तेव्हा याचं उत्तर एका ओळीत मिळायचं, "वयानुसार कामाची वाटणी", आणि पुढे कोणी विचारायचं नाही.

साधारण क्रम असा की जन्मल्यावर घरं साफ करणं, मग अळ्या भरवणं, मग मेण, मध साठवणं, दारावर पहारा, आणि दोन-तीन आठवड्यांची झाली की बाहेर. पण हा क्रम दगडावरची रेघ नाही. अमेरिकेत प्रयोग करून बघितलं, सगळ्या एक दिवसाच्या माश्यांची वसाहत केली, एकही मोठी नाही, तर त्यातल्या काही आठवडाभरातच मकरंद आणायला निघाल्या. उलटही होतं, दाई माश्या काढून घेतल्या की बाहेर जाणाऱ्यांपैकी काही परत घरात येऊन अळ्या भरवायला लागतात.

आता यात जीन कुठे येतो ते बघ. फळमाशीत "फोरेजिंग" नावाचा एक जीन आहे, त्याचे दोन प्रकार असतात, एक प्रकार असलेली अळी खाताना लांब भटकते आणि दुसरी जागेवरच बसते. म्हणजे तिथे फरक जन्मापासूनचा. २००२ साली मधमाशीत तोच जीन तपासला तर दिसलं की बाहेर जाणाऱ्या माशीच्या मेंदूत तो दाई माशीपेक्षा जास्त चालतो, आणि या जीनचं काम वाढवणारं औषध दिलं तर तरुण माशी लवकर बाहेर पडते. फळमाशीत दोन वेगळ्या माश्यांमध्ये जो फरक असतो तो मधमाशीत एकाच माशीच्या आयुष्यात घडतो, फक्त जीनचा आवाज वाढवून. मला या विषयात सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर ते हेच. पुढच्याच वर्षी सुमारे साडेपाच हजार जीन्स बघितले तेव्हा दाई आणि बाहेरची यांच्या मेंदूत ३९ टक्के जीन्स वेगळ्या प्रमाणात चालत होते, आणि नुसता मेंदूतला हा नमुना बघून ६० पैकी ५७ माश्या काय काम करत होत्या ते बरोबर सांगता आलं. २०१२ साली तर असं दिसलं की बाहेरची माशी परत दाई झाली की डीएनएवरच्या त्या मिथिलेशनच्या खुणांपैकी बऱ्याच दाईसारख्या होतात. खूण पुसता येते, परत लावता येते.

मग हा आवाज कोण कमी-जास्त करतं? माशीच्या अंगात व्हिटेलोजेनिन नावाचं प्रथिन असतं आणि जुवेनाइल हार्मोन, एक वर तर दुसरं खाली. दाई असताना व्हिटेलोजेनिन भरपूर, त्यापासूनच अळ्यांचं अन्न बनतं. ते उतरलं, हार्मोन चढलं की माशी बाहेर. २००७ साली व्हिटेलोजेनिनचा जीन दाबला तर माश्या वेळेआधी बाहेर गेल्या. आणि बाहेरून येणाऱ्या मोठ्या माश्या आपल्या अंगातला एक पदार्थ, इथिल ओलिएट, तोंडाला तोंड लावून लहानींना देतात, त्याने लहानींचं बाहेर जाणं लांबतं. घरात मोठी माणसं आहेत तोवर लहानांना शेतावर जायची घाई नाही, तसंच.

इथे मला एक बोलायचंच आहे. आपल्याकडे कपाशीवर भर दुपारी फवारणी होते, तेव्हा नेमक्या बाहेरच्या माश्या मरतात. त्या मेल्या की थांबवणारा तो सिग्नल संपतो आणि कोवळ्या माश्या निघतात. ऑस्ट्रेलियात २०१५ साली मोजून दाखवलंय की अशा वयाआधी निघालेल्या माश्या फेऱ्या कमी करतात आणि लवकर मरतात, मग त्यांच्या मागे अजून कोवळ्या. घरात अळ्या भरवायला कोणी राहत नाही. पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा ढीग एकदाच दिसतो पण पेटी पुढचे दोन-तीन आठवडे आतून खचत जाते, आणि शेतकरी म्हणतो की फवारणीला तर किती दिवस झाले, आता कशाने मरताहेत. फवारणी करायचीच असेल तर माश्या घरी आल्यावर संध्याकाळी करा आणि शेजाऱ्याच्या पेट्या असतील तर त्याला आदल्या दिवशी फोन करा, एवढं तरी.

प्रश्न : मोठे लोक सांगतात की केळी खाऊन मोहोळाजवळ जाऊ नये, माश्या चवताळतात. आमचा तर सगळा परिसरच केळीचा. खरं आहे का? (केळी उत्पादक, रावेर)

खरं आहे, आणि कारणही पक्कं माहिती आहे. माशी डंख मारते तेव्हा डंखाजवळच्या ग्रंथीतून एक वास सुटतो, बाकीच्यांना तो म्हणजे "इथे मारा" असा इशारा. १९६२ साली कळलं की त्यातला मुख्य पदार्थ आयसोअमाइल अॅसिटेट आहे, आणि पिकलेल्या केळाला जो वास येतो त्यातही तोच असतो. पण आबा, घाबरू नका, आपल्याकडे घड हिरवे असतानाच कापतात, वास सुटतो तो पिकवणीच्या खोलीत, बागेत नाही. केळीच्या बागेत पेटी ठेवायला काही हरकत नाही, उलट एप्रिल-मे मध्ये सावली मिळते आणि केळफुलात मकरंद चांगला असतो. फळ धरायला केळीला माश्यांची गरज नसते ते वेगळं. फक्त पेटी उघडायच्या आधी पिकलेलं केळं खाऊ नका, आणि डंख बसलाच तर नखाने खरवडून काढा आणि त्या जागी धूर द्या, नाहीतर तिथेच दुसरा बसतो.

यात जीन्सचा भाग असा. हा वास दिला की माशीच्या मेंदूतले काही जीन्स कमी-जास्त चालायला लागतात. ब्राझीलमध्ये १९५७ साली आफ्रिकन माश्या सुटल्या आणि स्थानिक युरोपियन माश्यांशी त्यांचा संकर झाला, त्या रागीट म्हणून प्रसिद्ध आहेत. २००९ च्या एका अभ्यासात दिसलं की वासाने साध्या माशीच्या मेंदूत जो बदल काही वेळापुरता होतो, तशाच दिशेचा फरक या रागीट माश्यांच्या मेंदूत मुळातच आहे. आणि एका जातीची पिल्लं दुसऱ्या जातीच्या पेटीत वाढवली तर जन्माचा आणि घराचा, दोन्हींचा परिणाम दिसला.

प्रश्न : कामकरी माश्या मादी असूनही स्वतःची पिल्लं का करत नाहीत? राणीसाठी एवढा त्याग का? (गृहिणी, अमळनेर)

ताई, त्याग हा शब्द आपण आपल्या घरावरून लावतो, आणि तुमच्या पत्रात पुढे तुम्ही जे लिहिलंय ते वाचून तो तुम्हाला का सुचला तेही कळतं. पण पेटीत थोडं वेगळं चाललेलं असतं.

आधी नर बघा. नर माशी फलन न झालेल्या अंड्यातून होते, तिला बापच नसतो, गुणसूत्रं १६, राणी आणि कामकरीला ३२. हे योहान झिएर्झोन नावाच्या पोलिश धर्मगुरूने १८४५ सालीच सांगितलं होतं. आता नराकडे गुणसूत्रांचा एकच संच असल्यामुळे तो आपल्या सगळ्या मुलींना तंतोतंत तोच देतो, म्हणून एका बापाच्या बहिणी-बहिणी पाऊण हिस्सा सारख्या असतात. माशीची स्वतःची मुलगी असती तर ती अर्धी सारखी. म्हणून बहीण वाढवण्यात तिचं जास्त भलं, असं पूर्वी सरळ हिशेबाने सांगायचे.

पण राणी एकाच नराबरोबर जात नाही, साधारण दहा ते वीस नरांशी तिचं हवेत मीलन होतं. मग पेटीतल्या बहुतेक बहिणी सावत्र, त्यांच्यात पाव हिस्साच सारखा. हिशेब बिघडला. आणि खरंच कामकरी माश्या कधीकधी अंडी घालतात, मीलन झालेलं नसल्याने त्यातून नरच होणार. पण दुसऱ्या कामकरी ती अंडी शोधून खाऊन टाकतात, कारण सावत्र बहिणीच्या मुलापेक्षा राणीचा मुलगा त्यांना जवळचा. हे १९८९ साली प्रयोगाने दाखवलं. नीट राणी असलेल्या पेटीत हजारात एखादाच नर कामकरीचा असतो. शिवाय राणीच्या अंगाचा वास पेटीभर फिरतो, तो कामकरीच्या अंडाशयाला वाढू देत नाही आणि मेंदूतले जीन्सही बदलतो. राणी गेली, नवी झाली नाही, की तीन-चार आठवड्यांत एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी दिसायला लागतात, तीही तळाला न लागता भिंतीला चिकटलेली. कामकरीचं पोट तिथपर्यंत पोचतच नाही. मी असं पोळं एकदा हातात धरलंय, फार वाईट वाटतं, कारण सगळी नरांची पिलावळ आणि पेटी संपत चाललेली.

मग राणीने एवढ्या नरांशी मीलन करायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. आपल्या खान्देशातला माणूस हे उत्तर लगेच समजेल. पिलाव्याला, म्हणजे पोळ्यातल्या अंडी-अळ्यांना, ३४-३५ अंश तापमान लागतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस. माश्या दारात उभ्या राहून पंख हलवून वारा घालतात, पाणी आणून शिंपडतात. आता सगळ्या जर एकाच बापाच्या असत्या तर सगळ्यांना एकाच वेळी गरम झालं असतं, सगळ्या एकदम पंखा सुरू करणार आणि एकदम बंद. वेगवेगळ्या बापांच्या मुलींना उकाडा वेगवेगळ्या अंशाला जाणवतो, आधी दहा जणी, मग पन्नास, मग दोनशे. २००४ साली ऑस्ट्रेलियात मोजलं तर अनेक बापांच्या वसाहतीत तापमान जास्त स्थिर राहिलं. दुपारी दोन वाजता माझ्या पेटीच्या दारात हात धरला तर आतून ओलसर वारा हाताला लागतो, आणि त्या सगळ्या माश्या डोकं खाली, पाय रोवून, एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतात.

प्रश्न : तीन वर्षांपासून चार पेट्या आहेत, आजूबाजूला कोणाकडेच नाहीत. राणी अंडी चांगली घालते पण पिलावा विरळ दिसतो, मध्ये मध्ये रिकामी घरं. औषध कोणतं द्यावं? (मधपाळ, नंदुरबार)

दादा, औषध देऊ नका, आधी नीट बघा. विरळ पिलाव्याची कारणं बरीच असतात, म्हातारी राणी, माइट (माश्यांवरचा बारीक कोळी), रोग, विषारी पराग. अळ्या पिवळ्या-तपकिरी, वाकड्या, वास मारणाऱ्या असतील तर रोग समजा आणि जाणकाराला दाखवा. पण तुम्ही लिहिलंय की अळ्या पांढऱ्या स्वच्छ आहेत आणि अंडी सगळ्या घरात दिसतात, नंतर काही घरं रिकामी होतात. यावरून मला घरातल्या घरात मीलन झाल्याचा संशय येतो.

मधमाशीत मादी व्हायला नुसतं फलन पुरत नाही. सीएसडी नावाचा एक जीन आहे, २००३ साली सापडला, त्याचे बरेच प्रकार आहेत. आईकडून एक आणि बापाकडून वेगळा प्रकार आला तर मादी होते. दोन्ही सारखेच आले तर फलन झालेलं असूनही ती अळी नर व्हायला लागते, आणि असा नर काहीच कामाचा नसतो. दाई माश्या त्याला अंड्यातून निघाल्या निघाल्या ओळखतात आणि खाऊन टाकतात, हे पोलंडमध्ये १९६३ साली दाखवलं गेलं. राणीकडे दोन प्रकार असतात, नराकडे त्यातलाच एक असेल तर त्या नराची निम्मी लेकरं गेली. चार पेट्या, सगळ्या एकाच मूळ राणीच्या लेकी, जवळपास दुसरे नर नाहीत, तर असं होणारच.

खात्री करायची तर एक फ्रेम घ्या, जिथे अंडी सलग आहेत तो भाग मोबाइलवर फोटो काढून ठेवा, फ्रेमवर खूण करा आणि सहा दिवसांनी तोच भाग बघा. सलग अंड्यांच्या जागी रिकाम्या जागा पडल्या असतील तर संशय पक्का. मग शहादा, शिरपूर, चोपडा, जिकडे ओळख असेल तिकडच्या, तुमच्याशी नातं नसलेल्या पेटीतली मीलन झालेली राणी आणा. दोन पेट्यांत तरी वेगवेगळ्या ठिकाणच्या आणा, म्हणजे पुढच्या वर्षी तुमचे नरही वेगळे होतील. जुनी राणी काढल्यावर नवी पिंजऱ्यातच दोन-तीन दिवस ठेवा, माश्या पिंजऱ्याला चावत नाहीत, शांतपणे चाटताहेत असं दिसलं की सोडा. नंतर तीन आठवडे हात लावू नका, आणि मग फ्रेम उन्हात धरून त्याच जागेचा फोटो परत काढा, दोन्ही फोटो मला पाठवा.